वजनावरून पटलेली ओळख

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, सेंट लुई शहराच्या परिसरात राहणाऱ्या एका तरुण जोडप्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाला जुलै १९८९ मध्ये रुग्णालयात आणले. बाळ दूध ओकत होते, त्याला धाप लागली होती आणि ते मलूल पडले होते. तपासणीत रक्तातील आम्लाचे प्रमाण फार वाढलेले आढळले. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, की या मुलाच्या रक्तात इथिलीन ग्लायकॉल आहे. थंड देशांत मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून जे द्रव्य त्यात मिसळतात, तेच हे. ते रंगहीन व गोडसर असते आणि पोटात गेले तर जीव घेते.

तान्ह्या मुलाच्या पोटात मोटारीचे द्रव्य आपोआप जात नाही. ते कोणीतरी पाजले असले पाहिजे. संशय आईवर आला. मुलाला पालकांपासून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवण्यात आले. ऑगस्टच्या अखेरीस आई त्याला भेटायला गेली व तिने त्याला बाटलीने दूध पाजले. काही दिवसांतच मूल पुन्हा तसेच आजारी झाले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दगावले. रक्ताच्या अहवालात पुन्हा इथिलीन ग्लायकॉल होते. आईला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

ती त्या वेळी गरोदर होती. फेब्रुवारी १९९० मध्ये कोठडीत असतानाच तिला दुसरा मुलगा झाला. तोही लगेच तिच्यापासून दूर ठेवण्यात आला. आणि तिची सावलीही जिथे पडत नव्हती तिथे या दुसऱ्या मुलाला तशीच लक्षणे दिसू लागली. या वेळी डॉक्टरांनी निदान केले ते मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया या जन्मजात आजाराचे. एवढ्यावर खटला कोसळायला हवा होता, असे आपल्याला वाटेल. पण दुसऱ्या मुलाचा आजार हा पहिल्याच्या मृत्यूचा पुरावा कसा होईल, या प्रश्नाचे उत्तर देणारा तज्ज्ञ न्यायालयासमोर आला नाही आणि ज्यूरींपुढे ही बाब पुरावा म्हणून मांडलीच गेली नाही. प्रयोगशाळेचा कागद मात्र समोर होता. जानेवारी १९९१ मध्ये त्या आईला दोषी ठरवून जन्मठेप देण्यात आली.

प्रयोगशाळेने कोणाच्या सांगण्यावरून खोटा अहवाल दिला असे नव्हे. त्यांच्या यंत्राने जे दाखवले ते त्यांनी लिहिले. यंत्राने दाखवले म्हणजे नेमके काय दाखवले, हे समजण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रवांवरून आजार ओळखण्याची खटपट फार जुनी आहे. आपल्याकडच्या ‘मधुमेह’ या शब्दातच ती दडलेली आहे. लघवीला मुंग्या लागतात, म्हणजे ती गोड असली पाहिजे, हे निरीक्षण त्या नावामागे आहे. युरोपातील मध्ययुगीन चित्रांत वैद्य ओळखू येतो तो हातातल्या काचेच्या फुगीर बाटलीवरून. तो ती उजेडात धरून रुग्णाच्या लघवीचा रंग पाहत असतो. रंग, वास आणि चव या तीन साधनांवर हे शास्त्र शेकडो वर्षे चालले. त्यात पुष्कळशी भोंदूगिरी होती, पण सगळीच भोंदूगिरी नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी लघवीच्या एका रंगाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. काही मुलांची लघवी हवेत राहिली की काळी पडते. त्यांची दुपटीसुद्धा काळी डागाळतात. या अवस्थेला अल्कॅप्टोन्युरिया म्हणतात. हा जंतूंचा प्रताप असावा असे तोवर मानले जाई. गॅरड यांनी कुटुंबांची माहिती गोळा केली, तेव्हा दिसले की ही अवस्था जन्मापासूनच असते, एकाच घरातल्या एकाहून अधिक भावंडांत आढळते, आणि या मुलांचे आईवडील बऱ्याचदा एकमेकांचे सख्खे चुलत-मावस नात्यातले असतात. मेंडेलचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. १९०२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात गॅरड यांनी हा धागा जोडला, आणि १९०८ च्या व्याख्यानांत अशा अवस्थांना ‘चयापचयातील जन्मजात चुका’ असे नाव दिले. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत होती व आहे. त्यामुळे हा मुद्दा वर्गात शिकवताना केवळ इंग्लंडपुरता ठेवण्याचे कारण नाही.

चयापचय म्हणजे काय, ते पाटाच्या पाण्यावरून समजावता येते. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, तिथून तिसऱ्यात असे खेळवले जाते. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी दारे धरणारा माणूस हवा. आपण खाल्लेल्या अन्नातील पदार्थ शरीरात असेच टप्प्याटप्प्याने बदलत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, दारे धरून उभे असते. एक विकर जन्मतःच नादुरुस्त असले, की त्या दारापाशी पाणी तुंबते आणि बांध फोडून भलत्याच वाफ्यात शिरते. पुढचे वाफे कोरडे पडतात ते वेगळेच. तुंबलेले व वाट चुकलेले हे पदार्थ रक्तात वाढतात आणि लघवीतून बाहेर पडतात. म्हणून लघवी हा शरीरात कुठे दार अडले आहे ते सांगणारा कागद ठरतो. फक्त तो वाचता आला पाहिजे.

वाचण्याचे पहिले मोठे यश नॉर्वेतले. १९३४ मध्ये एका आईने आपली दोन मतिमंद मुले आसब्योर्न फोलिंग यांच्याकडे आणली. मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येतो, असे ती वर्षानुवर्षे डॉक्टरांना सांगत होती आणि कोणी मनावर घेत नव्हते. फोलिंग रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. (हे द्रावण शाळेच्या प्रयोगशाळेतही असते.) लघवी गडद हिरवी झाली. असा रंग त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. औषधांमुळे तो येत असेल म्हणून मुलांची सगळी औषधे बंद करून पुन्हा पाहिले, रंग तोच. मग त्या आईने लिटरच्या लिटर लघवी आणून दिली आणि तीतून फोलिंग यांनी फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळे केले. पुढे फिनाइलकीटोन्युरिया या नावाने ओळखला जाऊ लागलेला आजार तो हाच. फिनाइलअॅलॅनिन या अमिनो आम्लाच्या दारावरचे विकर यात काम करत नाही.

१९५० च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अमिनो आम्ल अगदी कमी असलेला आहार एका मुलीला देऊन पाहिला आणि ती सुधारली. अशा आजाराला उपाय आहे हे त्यातून कळले, पण एक कटू अटही कळली. मेंदूची हानी होण्यापूर्वी, म्हणजे जन्मानंतर थोड्याच दिवसांत, आजार ओळखला गेला पाहिजे. वर्षभराने लघवी हिरवी झाली तर फार उशीर झालेला असतो.

ही अट पुरी केली ती बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता आणि त्यांच्या एका भाचीला फिनाइलकीटोन्युरिया होता. नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, ते वाळवायचे आणि टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचे, ही त्यांची कल्पना. तिथे कागदाची छोटी टिकली कापून जीवाणूंच्या थरावर ठेवत. त्या थरात जीवाणूंची वाढ रोखणारे द्रव्य असे आणि फिनाइलअॅलॅनिन भरपूर मिळाले तरच जीवाणू त्यावर मात करून वाढत. टिकलीभोवती जीवाणूंचे वलय दिसले की ते बाळ धोक्यात. पद्धत १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी ती सक्तीची केली. विज्ञानाच्या इतिहासात दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शकांचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. या टिपकागदाचे कोणी गायले असल्यास माझ्या वाचनात नाही.

पण एक जीवाणू एकाच आजाराची खबर देत होता. दुसऱ्या आजारासाठी दुसरी चाचणी, तिसऱ्यासाठी तिसरी. जन्मजात चुका तर शेकडो. एकाच थेंबातले सगळे पदार्थ एका दमात ओळखता येतील का?

त्यासाठीची दोन साधने एव्हाना तयार झाली होती, मात्र ती दोन वेगळ्या कामांसाठी. पहिले, वायुवर्णलेखन किंवा गॅस क्रोमॅटोग्राफी. ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी १९५२ मध्ये ते मांडले. नमुन्याची वाफ करून ती एका लांब नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडायची. नळीत असलेल्या द्रव्याला काही पदार्थ जास्त चिकटतात, काही कमी. त्यामुळे ते एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. बाहेरचा सूचक प्रत्येक वेळी कागदावर एक टेकडी काढतो. ठरावीक परिस्थितीत प्रत्येक पदार्थाला बाहेर पडायला ठरावीक वेळ लागतो.

शाळेच्या फाटकाशी एक आंधळा पहारेकरी बसला आहे अशी कल्पना करा. गोविंदा रोज बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी येतो हे त्याला ठाऊक आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी पावले वाजली की तो वहीत गोविंदाची हजेरी मांडतो. बहुतेक दिवशी हजेरी बरोबर असते. पण एखाद्या दिवशी गोविंदा तापाने घरी असेल आणि त्याच वेळी दुसराच कोणी फाटकातून आत गेला, तरी वहीत गोविंदाच हजर लागेल.

दुसरे साधन म्हणजे वस्तुमान वर्णपटमापक, मास स्पेक्ट्रोमीटर. त्याचे मूळ केंब्रिजमधले. जे. जे. थॉमसन यांनी १९१२ च्या सुमारास निऑनचे दोन वेगळ्या वजनांचे अणू पाहिले, आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये चांगले यंत्र बांधून समस्थानिकांची रांगच लावली. यात निर्वात पोकळीत रेणूंना विद्युतभार देतात आणि विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून पळवतात. हलका रेणू जास्त वळतो, जड कमी. भार देताना इलेक्ट्रॉनांचा मारा जोराचा असेल तर रेणू फुटतातही, पण ते कसेही फुटत नाहीत. माठ फुटला तर माठाची खापरे पडतात, परळ फुटली तर परळाची. जाणकार कुंभार खापरे पाहून भांडे सांगेल. तसेच तुकड्यांच्या वजनांवरून मूळ रेणू सांगता येतो. म्हणजे हा पहारेकरी येणाऱ्याला तराजूत घालतो आणि वर त्याच्या अंगाखांद्याची झडतीही घेतो.

फाटकावर हे दोघे एकत्र बसवावेत हा विचार १९५० च्या दशकात अमेरिकेतील डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत रोलंड गोल्के व फ्रेड मॅक्लॅफर्टी यांनी अमलात आणला. अडचण मोठी होती: पहिले यंत्र वायूच्या झोतावर चालते आणि दुसऱ्याला निर्वात लागते. पुढच्या दहा वर्षांत स्वीडनमध्ये रॅग्नार रिहागे यांनी व अमेरिकेत वॉटसन आणि बीमन यांनी मधला वायू गाळून टाकणारे जोड तयार केले, तेव्हा ही जोडी नीट नांदू लागली.

१९६६ मध्ये बॉस्टनमधील के तानाका आणि सहकाऱ्यांकडे दोन भावंडांचे कोडे आले. मुलांना वारंवार ओकाऱ्या व ग्लानी येई, आणि तशात त्यांच्या अंगाला घामेजलेल्या पायमोज्यांचा वास येई. पुन्हा वासच! हा वास कोणा साध्या आम्लाचा असावा एवढा तर्क होता, पण वासाला नाव कसे द्यायचे? वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट यांच्या साहाय्याने तानाका यांनी ते आयसोव्हॅलेरिक आम्ल असल्याचे दाखवले. ल्युसीन या अमिनो आम्लाच्या वाटेवरचे एक दार अडलेले होते. या यंत्रांनी शोधून काढलेला हा पहिल्या काही सेंद्रिय आम्लांच्या आजारांपैकी एक. (२००२ साली वस्तुमान मापनासाठी नोबेल मिळालेले कोइची तानाका ते वेगळे.) त्यानंतर एकामागून एक नवे आजार सापडत गेले.

आता आपण मिसूरीला परत जाऊ.

१९९१ च्या उन्हाळ्यात या खटल्याची हकिगत दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमातून देशभर गेली. सेंट लुई विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम स्लाय यांच्या कानावर ती आली. त्यांच्याच विभागात जेम्स शूमेकर हे चयापचयाच्या आजारांची तपासणी करणारी प्रयोगशाळा चालवत होते. मृत मुलाच्या रक्ताचा जपून ठेवलेला नमुना त्यांनी मागवला आणि तो वायुवर्णलेखन व मास स्पेक्ट्रोमीटर या जोडयंत्रात घातला. इथिलीन ग्लायकॉल सापडले नाही. सापडले प्रोपिऑनिक आम्ल.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहण्याजोगा आहे. इथिलीन ग्लायकॉलचे सूत्र दोन कार्बन, सहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. वजन २४ अधिक ६ अधिक ३२, म्हणजे ६२. प्रोपिऑनिक आम्लाचे सूत्र तीन कार्बन, सहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, वजन ७४. फरक एका कार्बनचा. पहिल्या प्रयोगशाळांनी वापरलेल्या वायुवर्णलेखनाच्या नळीतून हे दोन्ही पदार्थ जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडत होते. तिथे तराजू नव्हता. आंधळ्या पहारेकऱ्याने गोविंदाची हजेरी मांडली होती.

आणि प्रोपिऑनिक आम्ल त्या रक्तात आले कुठून, तेही स्पष्ट होते. आयसोल्युसीन, व्हॅलीन, मेथिओनीन, थ्रिओनीन ही अमिनो आम्ले मोडताना प्रोपिऑनिल गट तयार होतो. त्याचे पुढे मिथाइलमॅलोनिल व मग सक्सिनिल गटात रूपांतर होते. मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियात हे शेवटचे दार अडते. मागे मिथाइलमॅलोनिक आणि प्रोपिऑनिक आम्ल तुंबते, रक्त आम्लधर्मी होऊ लागते, मूल ओकते, धापा टाकते, ग्लानीत जाते. इथिलीन ग्लायकॉलच्या विषबाधेतही रक्ताची हीच गत होते. दोष अप्रभावी जनुकाचा. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. या घरात दोन्ही मुलांच्या वाट्याला तोच चौथा हिस्सा आला.

शूमेकर यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. चांगल्या रक्तद्रवात मुद्दाम प्रोपिऑनिक आम्ल मिसळून ते नमुने त्यांनी वेगवेगळ्या व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठवले. त्यांपैकी काहींनी इथिलीन ग्लायकॉल असल्याचे कळवले! सरकारी वकिलांनी आणखी खात्री करण्यासाठी येल विद्यापीठाचे पिएरो रिनाल्डो यांना विचारले. त्यांनीही मूळ अहवाल फेटाळला व मूल जन्मजात आजाराने गेले असे सांगितले. सप्टेंबर १९९१ मध्ये सरकारी वकिलांनी स्वतःच आरोप मागे घेतले, आईची माफी मागितली आणि तिला तिचा दुसरा मुलगा परत मिळाला. इथे एक गोष्ट विसरता येत नाही. इथिलीन ग्लायकॉलची बाधा समजली की त्या काळी रुग्णाला शिरेतून अल्कोहोल देत. या मुलाला विषबाधेचा उपचार मिळाला. त्याच्या खऱ्या आजारासाठी प्रथिने कमी असलेला आहार आणि ब १२ जीवनसत्त्व देऊन पाहायला हवे होते, ते राहून गेले.

ही चूक एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून झाली असती तर आपण तिला घाईत काढलेला निष्कर्ष म्हटले असते. ‘दोन पदार्थ एका चाचणीत सारखे वागले’ आणि ‘दोन पदार्थ एकच आहेत’ या दोन विधानांतले अंतर मुलांना शिकवणे मला तरी सोपे वाटत नाही. पाठ्यपुस्तकातल्या कसोट्या आपण तशाच पाठ करवून घेतो: हा रंग आला म्हणजे अमुक. तो रंग आणखी कशाकशाने येतो, हे विचारायला तासिका पुरत नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर होता, तर मग सगळीकडे तोच का वापरत नव्हते? यंत्र महाग होते हे एक कारण. दुसरे कारण नमुना तयार करण्याच्या कटकटीचे. लघवीतली सेंद्रिय आम्ले ईथरसारख्या द्रावकाने खेचून घ्यायची; अमिनो आम्ले त्यात येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे यंत्र; साखरांसाठी आणखी वेगळी वाट. सगळे एकत्र का मोजू नये? कारण युरिया. लघवीत विरघळलेल्या पदार्थांत सर्वांत जास्त तोच असतो आणि कागदावर त्याची टेकडी एवढी प्रचंड येते की शेजारची लहानसहान टेकाडे तिच्याखाली गाडली जातात.

यावर तोडगा निघाला तो युरिएज या विकराचा. अस्वच्छ मुतारीत अमोनियाचा जो उग्र दर्प येतो, तो जीवाणूंच्या याच विकराने युरिया मोडल्यामुळे. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या वर्गातील शेंगेच्या बियांतून युरिएजचे स्फटिक मिळवले आणि विकर हे प्रथिन असते असे दाखवले. त्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल मिळाले. लघवीत थोडे युरिएज घातले की युरिया मोडून जातो. मग अल्कोहोलने प्रथिने साक्याच्या रूपात खाली बसवायची, वरचे पाणी सुकवायचे, उरलेल्या पदार्थांना सिलिकॉनचा एक गट जोडून त्यांची सहज वाफ होईल असे करायचे आणि यंत्रात सोडायचे. आम्ले, अमिनो आम्ले, साखरा सगळे एकाच फेरीत. शूमेकर व विल्यम इलियट यांनी ही पद्धत १९९१ मध्ये, म्हणजे खटल्याच्याच वर्षी प्रसिद्ध केली. जपानमध्ये कानाझावा येथे इसामू मात्सुमोतो आणि तोमिको कुहारा यांनी तिला पुढे नेले. लघवीचे काही थेंब टिपकागदावर वाळवून पाठवले तरी त्यांना चालत.

तिकडे उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड मिलिंग्टन वेगळ्या वाटेने निघाले होते. नळी आणि वाफ दोन्ही टाळायची. फाटकात एकामागे एक असे दोन तराजू ठेवायचे आणि मध्ये वायूची एक खोली. पहिल्या तराजूने एका वजनाचे रेणू निवडले की मधल्या खोलीत ते वायूवर आपटून फुटतात आणि दुसरा तराजू त्यांचे तुकडे तोलतो. याला टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. मिलिंग्टन यांनी नजर ठेवली कार्निटीनवर. शरीरात हा छोटा रेणू हमालाचे काम करतो. मेदाम्लांना पाठीवर घेऊन तो पेशीतल्या मायटोकाँड्रियात पोहोचवतो. एखादे दार अडून जे आम्ल तुंबते, तेही या हमालाच्या पाठीवर चढते आणि रक्तात दिसते. हमाल आणि त्याचा बोजा फुटला की त्यातून ८५ वजनाचा एक ठरावीक तुकडा पडतोच. तेव्हा यंत्राला एवढेच सांगायचे: फुटल्यावर ज्यांच्यातून ८५ चा तुकडा पडतो, त्या सगळ्यांची मूळ वजने दाखव.

बेरीज पुन्हा शाळकरी आहे. कार्निटीनचे वजन १६१. त्यावर प्रोपिऑनिक आम्ल, ७४, चढले. जोडताना पाण्याचा एक रेणू, १८, निघून गेला. विद्युतभारासाठी एक हायड्रोजन आला. म्हणजे २१८. आठ कार्बनांचे मेदाम्ल चढले तर २८८. ही २८८ ची रेघ उंच असेल तर बाळाला एमकॅड नावाचा दोष असण्याचा संभव. असे मूल एरवी अगदी धडधाकट असते. एखाद्या तापात जेवले नाही की रक्तातली साखर एकाएकी उतरून रातोरात दगावू शकते. अशी कित्येक मुले पूर्वी ‘कारण समजले नाही’ या सदरात गेली असणार.

१९९० मध्ये मिलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत नवजात बाळांच्या चाळणीला उपयोगी पडेल असे मांडले. १९९३ मध्ये डोनाल्ड चेस यांच्यासह त्यांनी गथ्रींच्या टिपकागदावरच्या रक्तातून फिनाइलअॅलॅनिनही असेच मोजून दाखवले. तीस वर्षांपूर्वीचा तोच कागद, तीच तीन मिलिमीटरची टिकली. जीवाणूंच्या जागी यंत्र आले. एका नमुन्याला सुमारे दोन मिनिटे, आणि एकाच फेरीत तीसेक आजारांची चाहूल. जॉन फेन यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केलेली विद्युत फवारणीची युक्ती या यंत्रांना जोडली गेल्यावर द्रावण थेट फवारता येऊ लागले आणि दिवसाला शेकडो नमुने तपासणे शक्य झाले. ऑस्ट्रेलियातील ब्रिजेट विल्केन यांच्या गटाने १९९८ ते २००२ या काळात ३ लाख ६२ हजार बाळे अशी तपासली. फिनाइलकीटोन्युरिया सोडून ५७ मुलांत दोष सापडला. पूर्वी लक्षणांवरून जितकी सापडत, त्यापेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते. वाढीव मुलांपैकी काही कधीच आजारी पडली नसती का, हा प्रश्न तेव्हापासून डॉक्टरांत चर्चेला आहे आणि तो रास्त आहे.

आपल्या देशात बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एन. अप्पाजी राव यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात कर्नाटकात एक लाखाहून अधिक नवजात बालकांच्या रक्ताची अमिनो आम्लांसाठी तपासणी झाली होती, तीही मास स्पेक्ट्रोमीटर नसताना. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात चाळणीचा कार्यक्रम हाती घेतला. सगळ्या देशाला लागू असलेली या आजारांची चाळणी मात्र अजून नाही. मोठ्या शहरांत पैसे मोजले तर ती होते.

आता वजनाविषयी थोडेसे. मिसूरीच्या प्रकरणात वेळेने दगा दिला आणि वजनाने सत्य सांगितले. पण टँडेम यंत्रात नळीच नाही. तिथे वेळेचा पुरावा मुळात घेतलेला नसतो. तानाकांनी शोधलेल्या आयसोव्हॅलेरिक आजारात आम्लाचे वजन १०२ आणि कार्निटीनवर चढल्यावर २४६. काही प्रतिजैविकांत पिव्हॅलिक आम्लाचा गट जोडलेला असतो, औषध आतड्यातून नीट शोषले जावे म्हणून. पिव्हॅलिक आम्लाचेही सूत्र पाच कार्बन, दहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. वजन १०२; कार्निटीनवर २४६. फुटल्यावर पडणारा तुकडा तोच, ८५. बाळंतपणाच्या सुमारास आईने असे औषध घेतलेले असेल तर पूर्ण निरोगी बाळाच्या टिपकागदावर आयसोव्हॅलेरिक आजाराची रेघ उभी राहते. अशी उदाहरणे निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत. बेल्जियममध्ये तर स्तनाग्रांना लावायच्या मलमातल्या पिव्हॅलिक घटकानेही हा घोळ केला होता.

म्हणून चांगल्या प्रयोगशाळांत अशी रेघ दिसली की लगेच आईवडिलांना आजाराचे नाव सांगत नाहीत. त्याच टिपकागदाची दुसरी टिकली कापतात आणि तिच्यातला रस या वेळी एका नळीतून सोडतात. दोन्ही रेणूंचे वजन सारखे असले तरी त्यांची बांधणी वेगळी असते, आणि नळीतून ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात.